गुप्तदान : कोठें पुण्य, कोठें नव्हे

बदलापुराहून एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घर एकत्र कुटुंबाचें. थोरले चिरंजीव अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत एका औषधांच्या कारखान्यांत रसायनज्ञ, सूनबाई उल्हासनगरांत शिक्षिका. घरांत मुंबईच्या ‘सिप्ला’ या औषध कंपनीचे कांहीं भाग आहेत. या कंपनीनें राजकीय पक्षांस दिलेल्या देणग्यांचा मजकूर वाचून नातवानें विचारलें, “आजोबा, आपल्याही पैशांतून हें दान झालें, मग आपल्याला आधीं कां सांगितलें नाहीं?” आजोबा म्हणाले, “बाळ, गुप्तदानासारखें पुण्य नाहीं.” या उत्तरानें नातवाचें समाधान झालें नाहीं, आजोबांचेंही झालें नाहीं, म्हणून त्यांनीं आम्हांस लिहिलें.

उत्तर देण्यापूर्वीं या कंपनीशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें आहे त्यांचा परिचय करून घेणें इष्ट होय. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईंत ही कंपनी स्थापिली. १९३९ सालीं महात्मा गांधींनीं तिला भेट दिली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद केंब्रिजची रसायनशास्त्रांतील डॉक्टरेट मिळवून १९६० सालीं वडिलांच्या कारखान्यांत रुजू झाले. त्या काळीं परदेशी कंपन्यांच्या पेटंटांमुळें पुष्कळ औषधें आपल्या लोकांच्या आवांक्याबाहेर होतीं. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलांत आला. त्यानें औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर तें तयार करण्याच्या रीतीवर तेवढें पेटंट ठेविलें. या धोरणाचा ज्यांनीं आग्रह धरला त्यांत युसूफ हमीद होते. ही तरतूद २००४ अखेर चालली. निराळी रीत शोधून तेंच औषध स्वस्तांत करण्याची विद्या आमच्या रसायनज्ञांनीं या काळांत कमावली. पत्रलेखकांच्या चिरंजीवांसारख्यांची उपजीविका पुष्कळ अंशीं तिच्यावरच उभी आहे.

या विद्येचें सर्वांत मोठें फळ २००१ सालीं दिसलें. एड्सवरील तीन औषधांच्या उपचारास रोग्यामागें वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत असतां, हमीद यांनीं तींच औषधें एका वैद्यकीय सेवासंस्थेस ३५० डॉलरांत देऊं केलीं. आफ्रिकेंतील असंख्य जीव त्यामुळें वांचले. पुण्यास वारजे येथें १९९७ पासून सिप्लाच्या देणगीवर चालणारें एक शुश्रूषा-केंद्र आहे. कर्करोगानें गांजलेल्यांच्या वेदना तेथें विनामूल्य शमविल्या जातात. या दातृत्वापुढें कोणाचेंही मस्तक नम्र होईल.

आतां दुसऱ्या दानाकडे वळूं. २०१८ सालीं निवडणूक रोख्यांची योजना आली. स्टेट बँकेंतून रोखा घ्यावा व पक्षास द्यावा. दाता कोण हें मतदारांस कळूं नये. त्यापूर्वींच, २०१७ सालीं, कंपन्यांच्या देणगीवरील सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठविली गेली होती आणि पक्षाचें नांव हिशेबांत लिहिण्याचें बंधनही गेलें होतें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें सर्व घटनाबाह्य ठरविलें व पुढील महिन्यांत याद्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत सिप्लाच्या नांवावर सुमारें ३९ कोटि रुपयांचे रोखे निघाले. बहुतेक भारतीय जनता पक्षास व थोडे काँग्रेसला गेले होते. युसूफ हमीद यांनीं कंपनीचा नित्याचा कारभार २०१३ सालींच इतरांकडे सोंपविला होता, तेव्हां ही देणगी त्यांच्या एकट्याच्या पदरीं बांधणें न्यायाचें होणार नाहीं. तत्कालीन कायद्यासही ती धरूनच होती.

मग आक्षेप कशास? आमचें उत्तर असें कीं, दान गुप्त ठेवावयाचें तें घेणाऱ्याची लाज राखण्यासाठीं. वारज्याच्या रुग्णाचें नांव चारचौघांत घेऊं नये, हा धर्म आहे. पण राजकीय पक्ष हा कांहीं गांजलेला याचक नव्हे. तो सत्तेवर येतो. आणि औषधांच्या किमतींच्या मर्यादा ठरविणें, परवाने देणें, कारखाने तपासणें हीं कामें सरकारच करितें. तपासला जाणारा तपासणाऱ्यास पैसे देत असेल, तर तें लोकांस दिसलें पाहिजे. न दिसल्यास निर्मळ दात्यावरही संशयाची सांवली पडते, व ती पुसावयास त्याच्याजवळ साधन राहत नाहीं.

हा विचार नवा नाहीं. १९५७ सालीं टाटांच्या पोलाद कंपनीच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें पक्षांस देणगी देण्याची मुभा दिली खरी, परंतु मुख्य न्यायाधीश छागला यांनीं ही प्रथा लोकशाहीस घातक ठरूं शकेल असा इशाराही दिला. त्याहून जुना दाखला पत्रलेखकांच्या शेजारींच आहे. अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा शिलाहारांचा लेख आहे. त्या राजांनीं दिलेलीं दानें ताम्रपटांवर कोरलेलीं सांपडतात : गांव कोणतें, सीमा कोणत्या, देणारा कोण, घेणारा कोण. सत्तेचा जेथें संबंध येई, तेथें आमचे पूर्वजही साक्षीपुराव्यावांचून दान देत नसत.

म्हणून आजोबांनीं नातवास जवळ बसवून कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा. पक्षांस काय दिलें हें नफातोट्याच्या पत्रकांत आतां पुन्हा नांवनिशीवार दाखवावें लागतें. समाजकार्यावरील खर्चही त्याच अहवालांत असतो. दोन्ही रकमा शेजारीं शेजारीं मांडाव्या, आणि शंका उरल्यास वार्षिक सभेस लेखी प्रश्न धाडावा. भाग थोडे असोत वा फार, विचारण्याचा अधिकार आहेच. घरांतलें गुप्तदान मात्र आजोबांनीं पूर्वींप्रमाणेंच चालू ठेवावें. त्याचा हिशेब नातू मागणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.