वेग पडद्यावरचा आणि वेग रस्त्यावरचा

नववीच्या वर्गाला ‘माझा छंद’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने लिहिले, “मला गाड्यांचा शौक आहे. मोठा झालो की मी दीडशेच्या स्पीडने गाडी चालवणार.” शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. गुण दिले, पण मन बेचैन झाले.

आधी कबूल करतो, गाड्यांचे कार्यक्रम मलाही आवडतात. बीबीसीचा ‘टॉप गिअर’ २००२ साली नव्या रूपात सुरू झाला आणि जेरेमी क्लार्कसन व त्याच्या साथीदारांनी जगभरच्या गाडीशौकिनांना वेड लावले. या शौकिनांचे म्हणणे असते की ‘स्पोर्टी’ चालवणे म्हणजे नुसते पळवणे नव्हे. वळणाआधी ब्रेक, योग्य गिअर, गाडीचा तोल ओळखणे हे कसब आहे. हे मला मान्य आहे. त्यांचे दुसरे म्हणणे असे की हे कार्यक्रम निव्वळ करमणूक आहेत, ते पाहून कोणी बिघडत नाही. हे मात्र मला अर्धेच पटते.

कारण पडद्यावर गाडी दिसते, बंदोबस्त दिसत नाही. ‘टॉप गिअर’ची गाडी पळायची ती डन्सफोल्डच्या विमानतळावर, बंदिस्त जागेत. तिथे भाजीवाला, शाळेतून घरी जाणारी मुले, खड्डा, म्हैस यांतले काहीच नसते. तरीही २००६ मध्ये रिचर्ड हॅमंडच्या जेट इंजिनाच्या गाडीचा टायर फुटला आणि त्याच्या मेंदूला इजा झाली. डिसेंबर २०२२ मध्ये अँड्र्यू फ्लिंटॉफची तीनचाकी गाडी उलटली. हा तोच फ्लिंटॉफ, ज्याने २००२ साली वानखेडेवर शर्ट काढून फिरवला होता. त्याच्या चेहऱ्याला गंभीर जखमा झाल्या. पुढच्या वर्षी बीबीसीने कार्यक्रमच थांबवला. एवढी व्यवस्था असलेल्यांची ही गत, तर आपल्या पोरांचे काय?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा देशभर संताप उसळला. गेली अनेक वर्षे मी मुलांकडून निबंध लिहून घेतो आहे. निबंधाची ताकद मला ठाऊक आहे, पण तो अपघाताआधी लिहून घ्यायचा असतो.

आता आपल्या घरातले बोलतो. शबे-बरात ही इबादतीची रात्र. त्याच रात्री काही मुले तिघे-तिघे बसून, हेल्मेट न घालता बाइकच्या शर्यती लावतात. पोलीस आणि मशिदीतले इमाम समजावतात, तरी हे थांबत नाही. श्रीमंताची पोर्शे आणि मोहल्ल्यातली उधारीची बाइक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण रस्त्याला आपला ट्रॅक समजण्याची मस्ती एकच.

त्या मुलाला मी सांगितले, “दीडशेने जरूर चालव बेटा, पण ट्रॅकवर.” त्याने विचारले, “सर, ट्रॅक कुठे आहे?” मी चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा अशी नावे घेतली. तो हसला. त्याचे अब्बा रिक्षा चालवतात. हा खेळ पैसेवाल्यांचा आहे, हे त्याला माझ्याआधी कळले होते. त्याच्या शौकाला सुरक्षित जागा आपण देऊ शकत नाही, हे दुःख खरे आहे. पण म्हणून रस्ता त्याच्या हवाली करता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. मुलांना कार्यक्रम खुशाल पाहू द्या, शेजारी बसून तुम्हीही पाहा. फक्त किल्ली आपल्या खिशात ठेवा.