आधी मोजा, मग ओरडा!

वरणगावकर बंधू-भगिनींनो,

काडतुसांचा हिशेब आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. फॅक्टरीत नग न् नग मोजला जातो, गेजला लागतो. एक कमी भरला तर काय धावपळ उडते, ते कामगारांच्या घरांना विचारा. मग त्याच घरात अंथरुणात पडून पोरगा रात्री मोबाईलवर किती गोळ्या सुटताना पाहतो, याचा हिशेब कुणाकडे आहे?

गणपतीच्या मंडपात वक्ते गरजतात, मोबाईलने पिढी बिघडवली. टाळ्या पडतात. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी या गेमवर बंदी आली, तेव्हाही पडल्या होत्या. पोरं फ्री फायरवर गेली.

शाळेतून कधी विचारलंच, तर काय विचारतात? 'रोज किती तास मोबाईल पाहतोस?' अहो, तासभर क्रिकेट आणि तासभर कोयते नाचवणारे रील्स, दोन्ही साठच मिनिटं! चोपड्यापलीकडच्या उमर्टीचे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. आपल्या जिल्ह्यात रीलमधला कट्टा हा नुसता सिनेमा नाही.

अमेरिकेत संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९६७ पासून टीव्हीवरची मारामारी मोजायला घेतली. तेव्हा चॅनेल मोजकेच, सगळ्यांना दिसे ते तेच. पुढे १९९० च्या दशकातल्या तिथल्या एका मोठ्या पाहणीने नेमका प्रश्न विचारला: मारणाऱ्याला शिक्षा होते का? सुमारे ७३ टक्के दृश्यांत होत नव्हती. आपल्या पोरांनाही असंच विचारायला हवं. मार खाणारा कळवळताना दिसला का? पाहून हसू आलं की झोप उडाली? आज प्रत्येक मोबाईल वेगळं दाखवतो, त्यामुळे हे पोरगंच सांगू शकेल, तेही मार बसणार नाही याची खात्री असेल तरच.

म्हणून मागणी एवढीच: गावातल्या प्रत्येक शाळेने सहावी ते दहावीच्या मुलांकडून आठवडाभर वही लिहून घ्यावी. वहीवर नाव नको. काय पाहिलं, कुठे पाहिलं, कुणी पाठवलं.

या शेवटच्या रकान्याची काहींना भीती वाटेल. वाटू द्या. अपघातातल्या प्रेताचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर पोरं टाकत नाहीत, काका टाकतात. मारहाणीचं तेच सीसीटीव्ही फुटेज जेवताना पाच-पाचदा आपणच पाहतो, पोरं शेजारी बसलेली असतात.

तेव्हा वही आधी मोठ्यांनी भरायची. आज रात्रीच्या बातम्यांपासून.

आपला,
फॅक्टरीतला एक निवृत्त कामगार