मुलीला सायकल मिळाली, आईचं काय?

मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्रातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. 2022 मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झालं. योजना चांगली आहे, ती वाढायलाच हवी. पण ज्या घरात ही सायकल येते, तिथल्या आईला ती चालवता येते का, हे कुणीच विचारत नाही. कित्येक घरांत तिला ती येत नाही, आणि आता या वयात कुठे शिकायची, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

हे ‘या वयात’ प्रकरण मुळातून तपासायला हवं. सायकल बालपणी यायची ती तासाच्या भाड्यावर. मुलगे दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत, गुडघे फोडून घेत शिकले. मुलींना ती मोकळीक मिळालीच तर न्हाण येईपर्यंत. घरात सायकल एकच, आणि ती वडिलांच्या कामाची. चाळीत किंवा चढउताराच्या वाडीत वाढलेले काही पुरुषही असेच राहून गेले. ते चारचौघांत हे कबूल करत नाहीत, एवढंच. म्हणजे ज्याला स्वतःची भीती किंवा अक्षमता समजलं जातं, ती बहुतेक वेळा न मिळालेली संधी असते. संधी मिळाली की काय होतं, हे तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईनं दाखवून दिलं आहे.

1991 मध्ये त्या गरीब जिल्ह्यात ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता चळवळ सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. कार्यकर्त्या बायकांनी गावोगाव जायचं तर बसची वाट बघत बसून भागणार नव्हतं, म्हणून सायकल शिकवणं हा साक्षरतेच्याच कामाचा भाग झाला. मग ते लोण कार्यकर्त्यांपुरतं राहिलं नाही. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षिका सगळ्या शिकायला आल्या. शिकलेलीनं दुसरीला शिकवलं. पुरुषांचे टोमणे होतेच. 1992 च्या महिला दिनी दीड हजारांहून अधिक बायका हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टई शहरात शिरल्या.

पी. साईनाथ यांनी ही हकिकत नोंदवली आहे. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं मराठीत आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ते आपल्याला परिचित आहेतच. त्यांच्या नोंदीनुसार दहा वर्षांखालच्या मुली वगळता जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी चौथा हिस्सा सायकल शिकला आणि सत्तर हजारांहून अधिक जणींनी जाहीर प्रदर्शन-स्पर्धांमध्ये ती चालवून दाखवली. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा जेंट्स घेतल्या गेल्या. काहींना तर त्याच अधिक आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! पाणी आणणं, माल जास्त गावांत नेऊन विकणं, कुणी सोडायला येईल म्हणून खोळंबून न राहणं, असा रोजच्या जगण्यात फरक पडला. या बायका लहानपणी शिकलेल्या नव्हत्या, हे इथे पुन्हा सांगायला हवं.

प्रौढपणी शिकणं अवघड नाही असं मुळीच नाही. मोठं माणूस पडतं ते जोरात, आणि पडण्याआधीच त्याचा विचार करतं. पण निम्मी अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे कुणीतरी मागून कॅरिअर धरून धावतं आणि नकळत सोडून देतं. कॅरिअर धरलेला असेपर्यंत तोल सांभाळतो तो धरणारा. शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सायकल डावीकडे कलली की हँडलही किंचित डावीकडेच वळवावं लागतं, तेव्हा चाकं परत अंगाखाली येतात. घाबरलेला माणूस नेमका उलटीकडे ओढतो.

त्यापेक्षा सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. पायडलं काढून टाकावीत (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावं) आणि जमीन पायांनी मागे ढकलत पुढे जात राहावं. नजर चाकाकडे नको, समोर हवी. पाय आपोआप जास्त वेळ अधांतरी राहू लागले की तोल आला, पायडलं त्यानंतर. 1817 मध्ये कार्ल ड्राइसनं जर्मनीत चालवून दाखवलेल्या दुचाकीला पायडलं नव्हतीच, माणसं आधी तोलच शिकली.

आणि वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी शिकल्या आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. टॉलस्टॉय 67 व्या वर्षी शिकले.

बर्लिनमध्ये 2015 पासून ‘बाइकीगीज’ ही संस्था निर्वासित स्त्रियांना सायकल शिकवते. आपल्या महापालिकांना हे जमण्यासारखं नाही का? जलतरण तलावांवर प्रौढांच्या, महिलांच्या वेगळ्या बॅच असतात आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. सायकलसाठी तर पाणी लागत नाही, जीवरक्षक लागत नाही. रविवारी सकाळी रिकामं पडलेलं शाळेचं मैदान, बुटक्या फ्रेमच्या दहा-बारा सायकली, एक पाना आणि एक महिला प्रशिक्षक एवढ्यात वर्ग सुरू होऊ शकतो. महिला बचत गट गावागावांत आहेत, निरोप पोचवण्याचंही काम सोपं. स्कूटर शिकायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न ‘सायकल येते का?’ हाच असतो, तेव्हा पुढची वाटही इथूनच जाते.

सायकल ट्रॅकवर कोट्यवधी रुपये खर्चायची भाषा शहरं दर काही वर्षांनी करतात. ट्रॅक हवेतच. पण त्या अंदाजपत्रकात ज्यांना सायकल येतच नाही, त्यांना शिकवण्यासाठी एक ओळ असावी. आणि पाच हजारांचं अनुदान ज्या शाळांतून वाटलं जातं, त्यांनी मुलींच्या यादीसोबत आयांचीही नावं विचारून घ्यावीत. मैदान शाळांचंच आहे, सायकलीही तिथेच येणार आहेत.