सर, कर्व्ह करून दिलंय!

"सर, काही टेन्शन घेऊ नका. सगळं कर्व्ह करून दिलंय!"

गेल्या महिन्यात एका डीटीपीवाल्या काकांनी हे वाक्य इतक्या अभिमानानं ऐकवलं की मीही "थँक्यू काका" म्हणून फोन ठेवला. मग पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. माझ्या चार वीकेंडांची त्या एका वाक्यात माती झाली होती.

तर झालं असं. माझी आत्या निवृत्त शिक्षिका. १९९९ साली तिनं आमच्या कोकणातल्या गावावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं आणि स्वखर्चानं छापलं. प्रती कधीच संपल्या, तो छापखानाही बंद झाला. पण मास्तरीणबाईच त्या, फाईलची सीडी कपाटात जपून ठेवलेली. आता आत्या पंचाहत्तरीची आहे आणि बारीक अक्षर तिला दिसत नाही. फोन बातम्या वाचून दाखवतो याचं तिला भारी कौतुक. दिवाळीत म्हणाली, "अरे, एवढं सगळं वाचतो ना तो? मग माझं पुस्तक वाचायला सांग की त्याला."

मी इंजिनिअर. "हात्तिच्या, एवढंच ना?" म्हणालो.

सीडीवर पेजमेकर ६.५ ची फाईल होती. आता पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली आणि २००४ मध्ये अडोबीनं त्याचं पुढचं काम थांबवलं. म्हणून व्हर्च्युअल मशीनवर जुनं विंडोज टाकलं, कुठून कुठून पेजमेकर मिळवलं, फाईल उघडली. आत काय, तर टोप्या घातलेली, टिंबं दिलेली युरोपियन अक्षरं. पानंच्या पानं. फोनला हे वाचायला दिलं असतं तर आत्याला वाटलं असतं पुस्तक फ्रेंचमध्ये आहे!

का होतं असं? जुन्या ८-बिट फाँटमध्ये जेमतेम २५६ खुराडी. त्यातच काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं, रफार असे देवनागरीचे तुकडे इंग्रजी आणि युरोपियन अक्षरांच्या जागी बसवलेले. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसतंच. 'ए'च्या डोक्यावर टोपी एवढंच त्याला कळतं, मराठी दिसते ती फाँटच्या कृपेनं. फाँट गेला की मराठी गेली. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत उघडत नाही, आकृतीचा कृतिदेवमध्ये नाही. तीन कुलपं, तीन किल्ल्या.

इथे एक कबूल करतो. हे फाँट बनवणाऱ्यांना शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. श्रीलिपी आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची. सीडॅक १९८८ पासून पुण्यातच, आणि भारतीय भाषांचं मोठं काम तिथे झालं. त्या काळात या मंडळींनी ही सोय केली नसती तर कित्येक दिवाळी अंक खिळे जुळवण्यातच अडकून बसले असते. तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

पण तेव्हा म्हणजे कधी? १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट मिळायला लागला. इनडिझाईन सीएस६ मध्ये, म्हणजे २०१२ साली, मराठीसकट भारतीय भाषांची अधिकृत सोय आली. म्हणजे "इलाज नव्हता" हे कारण कधीच एक्सपायर झालंय. राहिली ती सवय.

असो. पुस्तकाकडे वळतो. मी जुन्या मांडणीचा तक्ता करून पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या वेलांटीनं घाम काढला. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. रफाराचं उलटं, जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. आणि सगळ्यात वात आणला तो आपल्या खास मराठी ऱ्या-नं. स्क्रिप्टनं सगळ्या 'दऱ्यां'चा 'दर्या' करून टाकला. पुस्तक कोकणावरचं, तिथे दऱ्याही आहेत आणि दर्याही! शेवटी एकेक शब्द डोळ्यांनी तपासला. चार वीकेंड गेले, पण हातात स्वच्छ युनिकोड मजकूर आला.

म्हटलं, आता दुसरी आवृत्तीही छापून टाकू. फाईल त्या काकांना दिली. "सर, तुमची फाईल आमच्याकडे तुटते हो," असं म्हणत त्यांनी काय करावं? अख्खा मजकूर परत जुन्या फाँटमध्ये बदलला, पानं लावली, सगळं कर्व्ह केलं आणि पीडीएफ पाठवली. कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं चित्र करणं. 'क' हा 'क' उरत नाही, नुसती एक बाह्यरेषा उरते. त्यात शोधता येत नाही, शुद्धलेखन सुधारता येत नाही, आणि फोनला वाचून दाखवता येत नाही.

काकांची फाईल तुटत होती हे खरं. पण का, हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. 'शुभविवाह' टाईप केल्यावर वेलांटी भलत्या बाजूला लटकत असेल आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत असतील, तर फाईल खराब नसते. अक्षरं जुळवणारं इंजिन चुकीचं निवडलेलं असतं. इनडिझाईनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, मग टाईप, तिथे 'शो इंडिक ऑप्शन्स'वर टिचकी मारा आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर घ्या. फोटोशॉपमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्याच मेनूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट'. भाषा म्हणून 'मराठी' निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, तर हिंदी वळणाऐवजी आपला देठाचा श आणि पाकळीचा ल सुद्धा येतो. दोन मिनिटांचं काम!

"पण प्रेसला फाँट नसतो ना, म्हणून कर्व्ह." हा पुढचा युक्तिवाद. अहो, पीडीएफ १९९३ साली आली तेव्हापासून तिच्या पोटात फाँट घालून पाठवता येतो. पीडीएफ/एक्स-४ मध्ये तर फाँट आत असावेच लागतात. मूळ फाईल द्यायची असेल तर इनडिझाईनमध्ये 'पॅकेज' आहे, चित्रं आणि लागतील ते फाँट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. आणि कर्व्ह करायचीच खोड असेल तर निदान कॉपीवर करा, मूळ फाईलवर नको!

"युनिकोडमध्ये चांगले फाँट कुठायत?" मुंबईच्या एक टाईपचे मुक्त आणि बलू आहेत, तिरो देवनागरी मराठी आहे, गुगलचा नोटो आहे. सगळे फुकट आणि मुक्त परवान्याचे. "हात जुन्या कीबोर्डला बसलाय." रेमिंग्टनची मांडणी युनिकोडमध्येही मिळते, बोटांना काही नवीन शिकवावं लागत नाही.

स्क्रीनवर झगझगीत दिसणारा भगवा छापल्यावर विटकरी होतो, ही तक्रार मला समजते. स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवते, कागद शाईनं, आणि शाईच्या आवाक्यात नसलेला रंग कागदावर कसा येणार? तो प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. अक्षरांचा प्रश्न निव्वळ आळसाचा आहे, आणि आळस एकट्या काकांचा नाही. काका गिऱ्हाईक मागेल ते देतात. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही. दिवसभर हिंजवडीत बसून एखाद्या परदेशी क्लायंटच्या नावातली टिंबं चुकली तर आपण बग उघडतो, सिव्हिरिटी लावतो. आणि घरी मुंजीची पत्रिका, सोसायटीची स्मरणिका, आजोबांच्या आठवणींचं पुस्तक करायची वेळ आली की "छापून सुंदर दिसलं ना? मग झालं!" मराठी ही आपल्यासाठी दिसायची वस्तू झालीय. मग मराठीत काही शोधलं तर सापडत नाही म्हणून गळे काढायचे. सापडेल कसं? आपणच तिची चित्रं करून ठेवलीत.

तेव्हा मंडळी, यापुढे काहीही मराठी छापून घ्याल तेव्हा तीन गोष्टी मागा. मजकूर युनिकोडमध्ये, मूळ फाईल पॅकेजसकट, आणि शोधता येणारी पीडीएफ. पीडीएफ हातात आली की कंट्रोल-एफ दाबून एक मराठी शब्द शोधा. सापडला नाही तर कारण विचारा. खरं सांगायचं तर युनिकोड वापरूनही पीडीएफमधून उचललेली देवनागरी कधीकधी विस्कटते, म्हणून मजकुराची साधी फाईल वेगळी जपून ठेवाच.

माझ्याकडे होती, म्हणून वाचलो. परवा आत्याच्या फोनवर ती फाईल टाकली. फोननं पहिलं प्रकरण वाचलं, दऱ्या आणि दर्या अगदी जिथल्या तिथे. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "थांबव जरा. हे वाक्य चुकलंय माझं. दुसऱ्या आवृत्तीत सुधारता येईल ना रे?"

कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये नसतं आलं.

ता. क. काकांना वर्ल्ड-रेडीचं सेटिंग फोनवर सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांचा मेसेज आला : "सर, वेलांटी आली जागेवर." पानं आता नव्यानं लागतायत. :)