कासव अंग कां आखडतें?

हल्लीं आपल्या रहिमतपुरासारख्या गांवांतूनहि कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस वाढली आहे, आणि माशांच्या सोबतीला रुपयाएवढीं हिरवीं कासवें घरांत येऊं लागलीं आहेत. कोणी तीं मुलाच्या वाढदिवसासाठीं आणतो, कोणी घरांत लक्ष्मी नांदावी म्हणून आणतो. आठवडा उलटतो न उलटतो तोंच मुलाची तक्रार सुरू होते, कीं हातांत घेतलें म्हणजे तें डोकें आंत ओढतें, फूत्कारतें, हातावर पाणी सोडतें, आणि प्रसंगीं चावतेंहि. यावर वडील मंडळींचा निर्णय ठरलेला असतो: "अजून त्याला माणसाची संवय नाहीं, रोज उचलीत जा, म्हणजे होईल." माझ्या मतें हा निर्णय साफ चुकीचा आहे.

कासवाची ढाल म्हणजे गोगलगाईच्या शंखाप्रमाणें बाहेरून चढविलेलें घर नव्हे. त्याच्या बरगड्या व पाठीचे मणके रुंद होऊन एकमेकांस जोडले गेले आहेत. तीच ही ढाल. तिला जाणीव असते. पाठीवर मारलेली टिचकी कासवास कळते. बरगड्या अशा सांधल्या गेल्यामुळें त्याला आपल्यासारखी छाती फुगवितां येत नाहीं. पोटांतील व पायांच्या बुडाशीं असलेल्या स्नायूंच्या जोरावर त्याचा श्वास चालतो. आतां विद्यार्थ्यांनीं थोडा हिशेब करावा. ढालींतील जागा ठरलेली. तींत मान आणि चार पाय एकदम घ्यावयाचे, तर फुप्फुसांतील हवा बाहेर टाकल्यावांचून जागा होणार कशी? ती हवा झपाट्यानें बाहेर पडतांना जो आवाज होतो, त्यालाच आपण कासवाचा फूत्कार म्हणतों. तो राग नव्हे; घाईनें दार लावून घेतल्याचा तो आवाज आहे.

हातावर सोडलेल्या पाण्याचीहि तीच गोष्ट. रानांत, कोरड्या प्रदेशांत राहणारें कासव आपल्या मूत्राशयांत पाण्याचा सांठा करून ठेवतें. भीतीनें तें पाणी सोडून देतें, तेव्हां तें आपली उन्हाळ्याची शिदोरीच टाकून देत असतें. उचलणारा हात धुऊन मोकळा होतो. कासवाचें नुकसान मात्र भरून येण्यास पाऊस यावा लागतो.

आपल्या वाङ्मयानें या प्राण्याला मोठा मान दिला आहे. अंग आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा गीतेनें स्थितप्रज्ञाला दिली. आई केवळ नजरेनें पिलें वाढविते असें मानून संतांनीं कूर्मदृष्टीचा दृष्टान्त रूढ केला. दृष्टान्त म्हणून ते सुंदरच आहेत. परंतु प्रत्यक्षांत मादी अंडीं पुरून निघून जाते, आणि तळहातावरचें कासव अंग आवरतें तें इंद्रियनिग्रहानें नव्हे, तर भयानें. घार, बगळा, कोल्हा, कुत्रा यांचें संकट त्याच्या पूर्वजांवर येत आलें, आणि वरून उतरणारा आपला हात त्याला त्यांच्याहून निराळा दिसत नाहीं. ज्याला पळतां येत नाहीं, त्याच्यापाशीं दुसरें उरतें काय?

तेंहि सर्वांच्या नशिबीं नाहीं. कोंकणांत वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालण्यास येणाऱ्या समुद्रकासवांना मान आंत घेतांच येत नाहीं. आपल्याकडील तळ्याविहिरींतल्या मऊ पाठीच्या कासवाची ढाल तुलनेनें नरम. परंतु पोटाकडील कातड्याच्या झडपांनीं तें मागले पाय झांकून घेतें, आणि त्याचा चावा साधा नसतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें रानकासव उलटें पडलें, तर घुमटाकार ढालीमुळें पुष्कळदां आपोआप सुलटें होतें. हंगेरींतील दोन शास्त्रज्ञांनीं, दोमोकोश व वारकोनी यांनीं, कसाहि ठेवला तरी एकाच बाजूवर स्थिर होणारा एक घन पदार्थ २००६ मध्यें तयार केला. त्याचें रूप या आपल्या कासवाशीं आश्चर्यकारक जुळतें. तथापि गंमत म्हणून कासव उताणें करण्यास ही सबब नव्हे. फुप्फुसें पाठीच्या ढालीस लागून असल्यानें, उताणें होतांच पोटांतील अवयवांचा भार त्यांवर पडतो.

मग रोज उचलल्यानें कासव माणसाळतें कीं नाहीं? कांहीं कासवें अन्न देणारा हात ओळखतात आणि जवळहि येतात; पण तो गुण अन्नाचा व स्वस्थतेचा, उचलण्याचा नव्हे. उलट, पूर्वीं जोरानें पाय ओढणारें कासव एकाएकीं ढिलें पडूं लागलें, तर तें माणसाळलें असें समजून आनंद मानूं नये. तें बहुधा आजारी असतें.

पालकांना एक रोकडें सांगणें आहे. कासवाच्या अंगावर पोटाचे विकार उत्पन्न करणारे साल्मोनेला जंतु असूं शकतात. याच कारणासाठीं अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवें विकण्यास बंदी झाली. बाजारांतील तीं हिरवीं, कानाशीं लाल पट्टा असलेलीं कासवें मूळचीं त्याच देशचीं. तीं पुढें वीतभर, क्वचित् फूटभर होतात आणि वीस-तीस वर्षें जगतात. कंटाळा आला म्हणून तीं कृष्णेंत किंवा विहिरींत सोडणें म्हणजे आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घांस काढणें होय. देशी कासवांबद्दल तर प्रश्नच नाहीं; चांदण्यांचें असो वा मऊ पाठीचें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें घरीं ठेवणें गुन्हा आहे.

"मुलांना प्राण्यांचा लळा कसा लागणार?" असें कोणी विचारील. लळा पाहण्यानेंहि लागतो. पहिल्या पावसानंतर रस्ता ओलांडणारें एखादें कासव दिसलें, तर दूर उभें राहून पाहावें. गाडीखालीं सांपडेलसें वाटलें, तरच दोन्ही हातांनीं ढालीच्या कडा धरून, जमिनीपासून फार उंच न उचलतां, तें ज्या बाजूला चाललें होतें त्याच बाजूला ठेवावें, आणि घरीं येऊन हात साबणानें धुवावे.