माळ पडीक कुणाला दिसतो?

शालेय विज्ञानात आदिवासींची दृष्टी आणावी, असे म्हटले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहींना अंधश्रद्धा मागच्या दाराने वर्गात शिरेल अशी धास्ती वाटते. काहींना धड्याच्या शेवटी वारली चित्राची चौकट छापली की कर्तव्य संपले असे वाटते. आम्हांला दोन्ही भूमिका अमान्य आहेत.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. या पक्ष्याच्या नावातच त्याचा अधिवास आहे. तो जमिनीवर अंडे घालतो आणि त्याला दूरवर दिसेल असा मोकळा गवताळ प्रदेश लागतो. आमच्या शाळांत मात्र पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण आणि झाडे नसलेला माळ म्हणजे पडीक जमीन. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते वेगवेगळी ओळखणाऱ्या धनगराला, किंवा तितराची वाट आणि साद यांवर ज्याची उपजीविका चाले त्या फासेपारध्याला, तोच माळ भरलेला दिसतो. येथे प्रश्न सजावटीचा नाही; विज्ञानाच्या धड्यातील एक गृहीतकच तपासून पाहण्याचा आहे.

हे ज्ञान वर्गात का आले नाही? १८७१च्या कायद्याने 'गुन्हेगार जमात' ही कोटी निर्माण केली. पुढे सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही. ज्याच्याकडे चोर म्हणून पाहिले, त्याला जाणकार कोण म्हणणार?

साहित्याच्या अध्यापकांनाही यातून सुटका नाही. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वननिवासींकडून पक्ष्यांची, झाडांची नावे आणि निरीक्षणे आदराने टिपून घेतली. २०२५ साली ते गेले. आपण त्यांना ललित लेखनाच्या तासाला वाचतो. विज्ञानाच्या तासाला त्यांचा 'पक्षिकोश' उघडत नाही.

शिकारीचे धडे द्यावेत, असे कोणी म्हणत नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहेच. पारध्याचे विधान आणि पुस्तकातले विधान, दोन्ही माळावर जाऊन पडताळावीत, एवढेच म्हणणे आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे लोक जैवविविधता नोंदवहीची व्यवस्था झाली. ती नोंदवही विज्ञानाच्या वर्गात यावी, मुलांनी तिच्यात भर घालावी, आणि माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. त्या पानावर आपल्या आजोबांचे नाव वाचणाऱ्या पारध्याच्या मुलीला विज्ञान परके वाटणार नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही तिच्याकडे नव्याने पाहावे लागेल.