अरुंद तोंडाचे कमंडलू

द्रोणाचार्यांच्या पक्षपाताचा विषय निघाला की सर्वांना एकलव्याचा अंगठा आठवतो. परंतु महाभारताच्या प्रचलित पाठात, आदिपर्वातच, आणखी एक प्रसंग आहे. पाणी आणण्यासाठी आचार्य इतर शिष्यांना अरुंद तोंडाचे कमंडलू देत. पुत्र अश्वत्थाम्याला मात्र रुंद तोंडाचा कुंभ. तो लवकर भरून परते आणि इतर येईपर्यंत त्याला विशेष विद्या मिळे. अर्जुनाने हे हेरले आणि वारुणास्त्राने कमंडलू भरून तोही अश्वत्थाम्याबरोबरच परतू लागला. ज्यांच्यापाशी वारुणास्त्र नव्हते, त्यांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

आजच्या वर्गातील पक्षपात याच जातीचा आहे. कोणाला बाहेर काढले जात नाही. प्रश्न मात्र त्याच चार-पाच मुलांना विचारले जातात, आदर्श म्हणून वही त्यांचीच फिरते आणि स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालनही त्यांच्याचकडे जाते. रोझेन्थाल व जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी एका शाळेतील शिक्षकांना ‘यंदा ही मुले चमकतील’ म्हणून काही नावे दिली होती. नावे कोणताही निकष न लावता निवडलेली होती. तरी वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील ती मुले बुद्धिमापन चाचणीत पुढे गेलेली आढळली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण शिक्षकाच्या दृष्टीचे बळ प्रत्येक पालकाला अनुभवाने ठाऊक आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे. शिकवणीचा विद्यार्थी वर्गातही लाडका ठरतो, हे वेगळे सांगावयास नको. पण घरोब्याने मिळणाऱ्या कुंभाला कोणता कायदा अडवणार? ‘आमच्या मुलावर बाईंचा फार जीव,’ हे आपण कौतुकाने सांगतो. संघस्थानावर समरसतेचा आग्रह धरणारे आपणच शाळेच्या दाराशी तो विसरतो. सेवावस्तीतील मुलाचे आईवडील पालकसभेस येऊ शकत नाहीत. त्या दिवशीची मजुरी बुडते. त्याच्या वतीने बोलणारे तेथे कोणीच नसते.

उपाय साधा आहे. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे शिक्षकाने हजेरीपटावर खूण करावी आणि महिन्याअखेर कोणती नावे कोरी राहिली ते पाहावे. पुढील पालकसभेत ही मागणी पहिल्या बाकावरील मुलाच्या वडिलांनीच करावी. त्यांचे म्हणणे शाळा ऐकून घेते.